एका आभाळाची सहा चित्रे

(नभोवाणीवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

चित्राविषयी बोलायचे आणि ऐकणाऱ्यापुढे चित्र मात्र ठेवता यायचे नाही, ही नभोवाणीवर बोलणाऱ्याची जुनी अडचण आहे. परंतु आज ती मला सोयीची वाटते. मी ज्या सहा छायाचित्रांविषयी बोलणार आहे ती एकमेकांशी इतकी मिळतीजुळती आहेत, की ती आपणांपुढे मांडली असती तर "सहाही उत्तम आहेत" असे म्हणून आपण मोकळे झाला असता. शब्दांनी वर्णन करायचे म्हटले म्हणजे एकाचे दुसऱ्याहून वेगळेपण सांगितल्यावाचून गत्यंतर नसते. आणि सारख्यांतले वेगळेपण ओळखणे हाच तर निवडीचा प्रारंभ.

पावसाळा तोंडावर आला, की आपल्यापैकी पुष्कळांचे हात कॅमेऱ्याकडे जातात. आभाळात ढगांचे डोंगर उभे राहतात, त्यांच्या कडा सोन्याने मढतात, पोटात काळोख दाटतो, आणि हे सारे पाहता पाहता बदलत असते. म्हणून आपण एकामागून एक चित्रे घेत सुटतो. फिल्मच्या दिवसांत एका गुंडाळीत छत्तीस चित्रे मावत, तेव्हा बोट दाबण्यापूर्वीच थोडी निवड होऊन जाई. आता हातातल्या फोनला अशी मोजदाद राहिलेली नाही. निवड पुढे ढकलता येते आणि पुढे ढकललेली निवड बहुधा होतच नाही. एका संध्याकाळची चाळीस चित्रे पेटीत पडून राहतात. ती न आपण पुन्हा पाहतो, न दुसऱ्या कोणाला दाखवतो. तेव्हा त्यांतले एक कसे निवडावे, हा प्रश्न वरवर पाहता हौशी माणसांचा असला, तरी त्यात आपण पाहिलेल्या गोष्टीचे आपण काय केले हा प्रश्न दडलेला आहे.

आता ही सहा चित्रे कोठली ते सांगतो. सुरत शहराच्या ईशान्येला, तापी नदीच्या काठी कामरेज नावाचे गाव आहे. मुंबईहून अहमदाबादेकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग येथूनच तापी ओलांडतो; त्यामुळे गाव पाहिलेले नसले तरी त्या पुलावरून गेलेले मराठी प्रवासी हजारोंनी असतील. एके काळी हा मुलूख गायकवाडांच्या बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतात होता. सभोवती उसाची सपाट शेते; आणि अलीकडे सुरतेच्या बाजूने सरकत येणाऱ्या उंच इमारती. डोंगर नाही, कडा नाही, समुद्रही नाही. सह्याद्रीत छायाचित्र घेणाऱ्याला एखादा सुळका किंवा एखादी दरी आयतीच मिळते. कामरेजला मिळते ती आडवी नदी, आडवा काठ आणि त्यावर अफाट आभाळ. म्हणूनच ढगांच्या चित्राची खरी परीक्षा अशा जागी होते. डोंगराच्या आधाराने उभे राहणारे चित्र येथे स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते.

सुरतेच्या परिसरात खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत. त्यांतल्या एका कुटुंबातला, कामरेजला स्थायिक झालेला एक तरुण माझा जुना विद्यार्थी. दिवसा तो कापडाच्या व्यवसायात असतो आणि सवड मिळेल तेव्हा छायाचित्रे घेतो. एका प्रदर्शनासाठी त्याला एकच चित्र पाठवायचे होते. जूनमधील एका संध्याकाळी, सुमारे पाऊण तासात, काठावरच्या एकाच जागेच्या आसपासून घेतलेल्या सहा चित्रांच्या प्रती त्याने माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "सर, ह्यांतले सर्वांत भक्कम कोणते?" त्याचे वडीलही तेथेच बसले होते.

चित्रांतले आभाळ आधी समजून घेऊ. तरुणाने मावळत्या सूर्याकडे पाठ केली होती आणि कॅमेरा पूर्वेला, नदीच्या वरच्या अंगाला, म्हणजे मांडवी आणि उकाईच्या दिशेला रोखला होता. पूर्वेला एक प्रचंड गर्जन्मेघ उभा राहिला होता. ढगांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत ल्यूक हॉवर्ड या लंडनच्या औषधी-व्यावसायिकाने १८०२ साली एका व्याख्यानात मांडली. तंतूंसारखे, राशीसारखे आणि थरांसारखे असे ढगांचे तीन मूळ प्रकार त्याने मानले, आणि आजची नावे त्याच पायावर उभी आहेत. यांतला राशीसारखा ढग उष्ण हवेच्या जोराने वर वर चढत गेला, की त्याचा गर्जन्मेघ होतो. आपल्या प्रदेशात तो बारा-पंधरा किलोमीटरपर्यंतही उंची गाठू शकतो. तेथे त्याची वाढ खुंटते, माथा आडवा पसरतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा आकार तयार होतो. इतका उंच ढग कित्येक कोसांवरून दिसतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जमिनीवर सूर्य मावळला तरी त्या उंचीवर काही वेळ ऊन असते. म्हणून काठावर सावली पडल्यानंतरही ढगाचा माथा उजळलेला दिसतो. पुढच्या निवडीत या गोष्टीचे काम पडणार आहे.

पहिल्या चित्रात केवळ ढग आहे. ऐरणीचा माथा, तिच्याखाली फुलकोबीसारखे फुगलेले अंग, आणि चौकटभर दुसरे काही नाही. दुसऱ्यात ढग आणि नदीत पडलेले त्याचे प्रतिबिंब आहे, क्षितिजरेषा नेमकी मध्यावर. तिसऱ्यात डाव्या बाजूला विजेच्या तारांचा उंच मनोरा आला आहे आणि तारा ढगाच्या छातीवरून गेल्या आहेत. चौथ्यात क्षितिज खाली आहे. उजव्या कोपऱ्यातून काठाचा उतार तिरपा चढत येतो, आणि त्या उतारावर दोन माणसे पाणी ओढण्याचे एक लहान इंजिन बांबूला दोरांनी अडकवून, खांद्यावर घेऊन वर चालली आहेत. पाठीमागचा माणूस मान वळवून ढगाकडे पाहतो आहे. पाचव्यात तोच काठ, तीच चौकट. मात्र माणसे निघून गेली आहेत, काठ सावलीत आहे आणि ढग संपूर्ण, निर्दोष असा उजळला आहे. सहाव्यात सारे आभाळ गुलाबी झाले आहे.

श्रोतेहो, आता आपणच मनाशी एक निवडून पाहा. निवडलेत? मग पुढे जाऊ.

सहावे चित्र प्रथम बाजूला काढावे लागले. ते सुंदर आहे यात शंका नाही. पण रंग एवढा सर्वत्र पसरला आहे, की ढगाचा आकार त्यात बुडून गेला आहे. आकाराला उठाव येतो तो एका बाजूने उजेड आणि दुसऱ्या बाजूने छाया असली म्हणजे. शिवाय हल्लीचे फोन असले रंग स्वतःच्या मनाने अधिक गडद करतात. चित्र चांगले की केवळ रंग चांगला, हे ओळखण्याचा सोपा उपाय असा, की ते क्षणभर रंगाविना, काळ्या-पांढऱ्यात पाहावे. सहाव्या चित्राचा रंग काढला तेव्हा मागे राखाडी कापडाचा एक तुकडा तेवढा राहिला.

तिसऱ्यातील मनोऱ्याचे काय? विजेचा मनोरा कुरूप असतो म्हणून चित्र वाईट, असे मी म्हणणार नाही. आजच्या कामरेजचा तोही एक रहिवासीच आहे. पण येथे मनोरा ढगाइतकाच उंच दिसतो आणि दोघेही नजरेला आपल्याकडे ओढतात. एका चित्रात दोन नायक झाले. मनोरा लहान असता, किंवा ढग त्याच्या मागे झुकलेला असता, तर कदाचित याच चित्राने बाजी मारली असती.

दुसऱ्यातले प्रतिबिंब पाहून पुष्कळ जण "वाहवा" म्हणतील. क्षितिज मध्यावर घेऊ नये असा एक नियम हौशी मंडळींना पाठ असतो. नियम चांगला आहे, परंतु प्रतिबिंबाच्या चित्रात तो मोडावासा वाटतो आणि मोडलेला शोभतोही. अडचण अशी होती, की वाऱ्याने पाण्यावर लाटा उठल्या होत्या आणि खालचा ढग फुटला होता. वरचे अर्धे स्पष्ट, खालचे अर्धे विस्कटलेले, आणि जागा दोघांना सारखीच. असे झाले म्हणजे पाहणाऱ्याची नजर वर-खाली करीत राहते आणि कोठेच विसावत नाही.

पहिल्या चित्रापाशी मात्र थांबावे लागले. ते टाकाऊ नव्हते. वेधशाळेच्या ग्रंथासाठी चित्र निवडायचे असते तर मी तेच निवडले असते. ढगांचा आंतरराष्ट्रीय चित्रसंग्रह १८९६ साली प्रथम प्रसिद्ध झाला. अशा संग्रहात गर्जन्मेघ कसा ओळखावा हे कळले पाहिजे; तो कोणाच्या गावावर उभा होता याला तेथे महत्त्व नाही. पण आपल्याला तो कामरेजच्या काठावरून पाहिलेला ढग हवा होता. पहिल्या चित्रातला ढग सुरतेवरचा आहे की सोलापुरावरचा, हे कोण सांगणार? तो किती मोठा आहे तेही कळत नाही, कारण त्याच्याशेजारी ताडून पाहण्याजोगे काही नाही.

यावर कोणी म्हणेल, की नुसत्या ढगांची थोर छायाचित्रे आहेत. आहेतच. आल्फ्रेड स्टिगलिट्झ या अमेरिकन छायाचित्रकाराने १९२२ पासून पुढे सुमारे दहा वर्षे, न्यूयॉर्क राज्यातील लेक जॉर्ज येथे, ढगांची शेकडो चित्रे घेतली. त्यांपैकी बहुतेकांत जमिनीचा मागमूस नाही. आपल्या मनातील भावनांशी तुल्य असे काही त्याला ढगांत दिसे, म्हणून त्या चित्रांना त्याने तशाच अर्थाचे नाव दिले. परंतु ती चित्रे तळहाताएवढी आहेत आणि पुष्कळदा ती एकेकटी न मांडता मालिका करून मांडलेली आहेत. ढग किती अजस्र आहे हे त्याला सांगायचेच नव्हते. जमीन काढून टाकली म्हणजे चौकटीच्या चार कडांनाच जमिनीचे काम करावे लागते, आणि ते काम त्याने त्यांच्याकडून कसोशीने करून घेतले. आपल्या तरुणाच्या पहिल्या चित्रात कडांनी असे काही केले नव्हते. ढग मध्ये बसवला होता, इतकेच.

उरली दोन, चौथे आणि पाचवे. खरा वाद येथे सुरू झाला.

तरुणाचा ओढा पाचव्याकडे होता आणि त्याच्यापाशी सबळ कारणे होती. पाचव्यात ऐरण टोकापासून टोकापर्यंत संपूर्ण आहे. चौथ्यात तिचे डावे टोक चौकटीबाहेर गेले आहे. पाचव्यातला काठ स्वच्छ आहे. चौथ्यात उजव्या कोपऱ्यात प्लास्टिकची एक पांढरी पिशवी पडली आहे, आणि कोपऱ्यातली पांढरी वस्तू नजरेला चोरासारखी बाहेर घेऊन जाते. "सर, चौथ्यात दोष आहेत, पाचव्यात एकही नाही," असे तो म्हणाला. म्हणणे खरे होते.

मी त्याला एक साधी परीक्षा करायला सांगितली. पाचव्या चित्रातली जमीन तळहाताने झाकायची आणि ढगाचे काय होते ते पाहायचे. त्याने झाकली. ढग होता तसाच राहिला; त्याचे काहीही उणे झाले नाही. याचाच अर्थ असा, की त्या चित्रात जमीन नुसती बसून होती, ती काही काम करीत नव्हती. मग चौथ्यात तेच केले. जमीन झाकली तेव्हा एक अर्धवट कापलेला ढग तेवढा उरला. हात काढताच ढग पुन्हा अवाढव्य झाला, कारण खाली दोन माणसे करंगळीच्या नखाएवढी दिसू लागली होती. आता उलट करून पाहिले. ढग झाकला तर काठावर दोन माणसे ओझे नेत होती, यापलीकडे काही नाही. ढग उघडला, की ती कोठे आणि का चालली आहेत ते कळते. एकाला झाकल्याबरोबर दुसरे दुबळे होते, इतके ते दोन्ही भाग एकमेकांत गुंतलेले होते.

उजेडाचीही साक्ष चौथ्याच्याच बाजूची होती. ते घेतले तेव्हा सूर्य अजून क्षितिजावर टेकलेला होता. त्याचे आडवे ऊन काठावर, त्या माणसांच्या पाठींवर, ओझ्याने वाकलेल्या बांबूवर पडले होते, आणि मागे ढगाचा तळ शाईसारखा काळा होता. पाचव्याच्या वेळी खाली सूर्य मावळला होता आणि ऊन केवळ ढगाच्या माथ्यावर उरले होते. उजेडानेच जमीन सोडून दिली होती. मग नजर तरी तेथे कशी थांबणार?

येथे मला अॅन्सेल अॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकाराचे एक प्रसिद्ध चित्र आठवते. १९४१ साली न्यू मेक्सिको प्रांतातील हर्नांडेझ या खेड्यावर चंद्र उगवत असताना त्याने ते घेतले. खाली एक लहानसे चर्च आणि दफनभूमीतले क्रूस. मावळतीचे ऊन त्या क्रूसांवर पडलेले. घाईत त्याला उजेड मोजण्याचे यंत्र सापडेना. चंद्राच्या तेजाचे मान त्याला ठाऊक होते, त्यावरून अंदाज बांधून त्याने एक फिल्म उघडली. दुसरी उघडणार तोच क्रूसांवरचे ऊन गेले. म्हणजे त्याच्यापुढे सहांतून एक निवडण्याचा प्रश्नच आला नाही. पण निवड तेवढ्यावर संपली नव्हती. पुढे अनेक वर्षे तो त्याच फिल्मवरून प्रती काढीत राहिला. आरंभीच्या प्रतींत वरच्या आभाळात ढगांच्या फिकट रेघा दिसतात. नंतरच्या प्रतींत त्याने आभाळ अधिकाधिक काळे केले आणि त्या रेघा जवळजवळ लोपल्या. क्रूस आणि चंद्र यांच्यामधली शांतता त्याला हवी होती. तिच्यासाठी त्याने वरचे ढग सोडून दिले. ढग जितके अधिक तितके चित्र भक्कम, असे समजणाऱ्या आपणां सर्वांना यातून थोडे शिकता येईल.

माझ्या विद्यार्थ्याला मात्र तोवर एक तोड सुचली होती. पाचव्यातला संपूर्ण ढग आणि चौथ्यातली माणसे एकत्र जोडली तर? दोन्ही चित्रे एकाच जागेवरून घेतलेली. संगणकावर क्षणाचे काम. हा विचार आजकालचा आहे असे कोणी समजू नये. छायाचित्रणाच्या आरंभीच्या काळात काचेवरचा रासायनिक लेप निळ्या उजेडाला फार लवकर भुले. जमीन नीट उमटेपर्यंत आभाळ पांढरे होऊन जाई, ढगांसकट. म्हणून फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५७ च्या सुमारास समुद्राची एक काच आणि आभाळाची दुसरी, अशा दोन काचा जोडून एकेक चित्र सिद्ध केले आणि पाहणारे थक्क झाले. पुढे तर काही छायाचित्रकार ढगांच्या काचा साठवून ठेवू लागले. तोच ढग आज या गावावर, उद्या त्या गावावर! आपल्याकडेही मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ इतक्या लवकर निघाली, आणि भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे त्या पिढीतले नामवंत छायाचित्रकार होते. त्या पिढीलाही कोऱ्या आभाळाचा हा शाप चुकला नाही. पुढे सर्व रंगांना जागणारी फिल्म आली. भिंगावर पिवळी किंवा लाल काच चढवली, की निळे आभाळ गडद होऊन पांढरे ढग उठून दिसू लागले. तेव्हा कोठे एकाच काचेवर जमीन आणि आभाळ नांदू लागले.

ल ग्रेपुढे दुसरा मार्ग नव्हता; आपल्यापुढे आहे. जोडलेले चित्र पाप आहे असे मी म्हणत नाही. ते जोडलेले आहे असे उघड सांगितले, तर तीही एक कला आहे. पण मग त्या चित्रातून एक गोष्ट निघून जाते. ते दोन माणसे आणि तो ढग एका क्षणी समोरासमोर होते, ही साक्ष ते चित्र देऊ शकत नाही.

आणि नेमकी तीच साक्ष तेथे मोलाची होती. इतका वेळ गप्प असलेले त्याचे वडील तेव्हा बोलले. चौथ्या चित्रावर बोट ठेवून ते एवढेच म्हणाले, "ह्यांना घाई आहे."

श्रोतेहो, तापीच्या काठावर या घाईला अर्थ आहे. तापी मध्य प्रदेशात मुलताईला उगवते. तिच्या पाणलोटाचा सर्वांत मोठा भाग महाराष्ट्रात आहे, आणि ते सारे पाणी उकाईच्या धरणात येऊन मग कामरेजवरून सुरतेकडे जाते. १९७२ साली पुरे झालेले हे धरण सुरतेच्या वर सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये वरच्या अंगाला मुसळधार पाऊस झाला, धरणातून प्रचंड विसर्ग सोडावा लागला आणि सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला. ज्या घरांनी ते दिवस पाहिले, त्या घरांतली वडीलधारी माणसे अजूनही पूर्वेच्या आभाळाकडे पाहतात. जूनमधला एकटा गर्जन्मेघ पूर आणीत नाही, हे त्यांनाही ठाऊक असते. तरीही इंजिन वर नेऊन ठेवतात. चौथ्या चित्रातला मान वळवून पाहणारा माणूस ढगाची शोभा पाहत नव्हता. आपल्याला अजून किती वेळ आहे, ते तो पाहत होता.

आपण ढगांना 'नाट्यमय' म्हणतो. नाट्य म्हटले की पात्रे आली; ज्याच्यावर काही ओढवणार आहे असा कोणीतरी आला. रिकाम्या रंगभूमीवर नुसता गडगडाट झाला तर त्याला नाटक कोणी म्हणणार नाही. पाचवे चित्र निर्दोष होते, परंतु त्यात कोणावर काही ओढवत नव्हते. कालिदासाचे 'मेघदूत' आठवा. आषाढाच्या पहिल्या दिवशी यक्षाला मेघ दिसतो तो मोकळ्या आभाळात तरंगणारा नव्हे, तर डोंगराला बिलगलेला. पुढेही कवी त्या मेघाला रेवेवरून, विदिशेवरून, उज्जयिनीवरून नेतो आणि कित्येक ठिकाणी खाली कोणीतरी मान वर करून पाहणारे असते. ढगाचे थोरपण खालच्या माणसांच्या नजरेतून दाखवावे, हे आपल्याकडे फार पूर्वीपासून चालत आलेले आहे.

चौथ्या चित्रातल्या दोषांचे मग काय झाले? उजवी कड बोटभर कापली, पिशवी गेली. काठाचा तिरपेपणा त्याने थोडा अधिकच ठसठशीत झाला. चौकटीची कड कापणे हा छायाचित्रकाराचा जुना अधिकार आहे. त्यात नवे काही घातले जात नाही. ऐरणीचे तुटलेले टोक मात्र तुटलेलेच राहिले. ढग चौकटीत मावला नाही, असेही त्याकडे पाहता येते, आणि खालच्या दोघांच्या दृष्टीने तेच खरे होते. तरुणाने थोड्या नाखुशीने का होईना, चौथे चित्र पाठवले. प्रदर्शनात त्याचे काय होते, हा परीक्षकांचा प्रश्न आहे. पण आपण हे का पाठवले, हे आता त्याला चार वाक्यांत सांगता येते. निवड झाली असे मी तेव्हाच मानतो.

ज्यांच्या पेटीत अशीच चाळीस चित्रे पडून आहेत, त्या श्रोत्यांसाठी दोन-चार गोष्टी सांगून आपली रजा घेतो.

घेतल्या दिवशी निवडू नये. त्या संध्याकाळचा वारा, मातीचा वास, विजेची धाकधूक हे सारे आपल्या मनात ताजे असते आणि आपण ते चित्रात पाहतो. पाहणाऱ्या परक्याला ते दिसत नाही. आठ-पंधरा दिवस जाऊ द्यावेत. मग सर्व चित्रे लहान आकारात एकत्र मांडावीत आणि लांबून, डोळे किलकिले करून पाहावीत. उजेड आणि काळोखाचे मोठे तुकडे ज्यात नीट बसले आहेत, ते चित्र तेवढ्या अंतरावरूनही हाक मारते. चित्रकार आपले चित्र उलटे धरून पाहतात, तेही करून पाहावे. ढग हा ढग न राहता एक आकार होतो आणि तोल चटकन कळतो. चारही कोपरे बोटाने फिरून तपासावेत. चाळीसांतून एकदम एक काढू जाऊ नये. दोन घ्यावीत, एक ठेवावे. मग त्याच्यासमोर तिसरे आणावे. आणि प्रत्येक वेळी 'यांतले चांगले कोणते' असे न विचारता 'यात असे काय आहे जे त्यात नाही' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला उत्तर आवडीचे येते, दुसऱ्याला कारणाचे. शेवटी जमीन झाकून पाहावी, आभाळ झाकून पाहावे. आणि ज्याला छायाचित्रणाचे काही कळत नाही पण त्या जागेचे कळते, अशा एखाद्या माणसाला जरूर विचारावे.

बायबलच्या जुन्या करारात एलिया संदेष्ट्याची कथा आहे. दीर्घ अवर्षणानंतर तो कार्मेल डोंगरावर प्रार्थना करीत बसतो आणि आपल्या सेवकाला समुद्राकडे पाहून यायला सांगतो. सेवक पाहून येतो, काहीच नाही. एलिया त्याला पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो, असे सात वेळा. सातव्या खेपेला त्याला समुद्रावर माणसाच्या हाताएवढा एक लहान ढग दिसतो, आणि त्यातूनच मोठा पाऊस येतो. तेच आभाळ सात वेळा पाहायला लावणारा तो एलिया मला शिक्षक म्हणून फार मोठा वाटतो. भव्य ढग कोणालाही पहिल्याच खेपेला दिसतो. आपल्या चित्राच्या कोपऱ्यात, काठाच्या उतारावर, करंगळीच्या नखाएवढे काय आहे, ते दिसायला पुन्हा पुन्हा जावे लागते.

यंदाचा पावसाळा सरेपर्यंत आपल्यापाशी पुष्कळ चित्रे जमतील. त्यांतले एक निवडा, त्याची कागदावर प्रत काढा आणि ती कोठे, कोणत्या दिवशी, कोणत्या दिशेला तोंड करून घेतली, ते मागे लिहून ठेवा. बाकीची राहिली तरी हरकत नाही.